वावडे आणि वेष्टन

डबीतील हिंगपूड म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. हिंगाचा मूळ डिंक इतका उग्र असतो की पीठ आणि खाण्याचा डिंक यांत मुरवून सौम्य केल्यावाचून तो सहसा बाजारात येत नाही. आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. बहुतेकांनी ते कधी वाचलेले नसते, कारण वाचण्याची गरजच पडलेली नसते. ज्याच्या शरीराला गहू चालत नाही त्याला मात्र आमटी पानात पडण्यापूर्वी ही डबी वाचावी लागते.

आम्ही वाङ्मय शिकवतो. एखादी संहिता कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, लिहिताना कोणता वाचक गृहीत धरला होता, हे प्रश्न वर्गात नित्य विचारले जातात. तेच प्रश्न खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील मजकुराला विचारून पाहिले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. हा मजकूर घडला तो फसवल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. जिवाच्या भीतीने वाचणारा वाचक त्याला फार उशिरा भेटला. आपल्याकडे तर अजून पुरता भेटलेलाच नाही.

आधी शब्दांविषयी. ॲलर्जीला मराठीत 'वावडे' हा चांगला, रुळलेला शब्द आहे. पण तो एकट्या शरीराचा शब्द नाही. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला कष्टांचे, कोणाला सत्याचे. एकाच शब्दात शरीराचा नकार आणि मनाची नावड अशा दोन्ही गोष्टी नांदतात, आणि बोलणाऱ्याला पहिली अभिप्रेत असली तरी ऐकणारा दुसरी ऐकतो. 'बाधणे', 'मानवणे', 'सोसणे' ही क्रियापदे अधिक नेमकी, पण तीही पोट बिघडण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंतचा सारा प्रदेश एकाच मापाने मोजतात. कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या तर आपण 'पित्त उठले' म्हणतो आणि आमसुलाचे पाणी लावतो. पुष्कळदा गांधी आपोआप बसतातही. पण त्याच वेळी घसा आवळत असेल, तर 'पित्त' हे निदान जिवावर बेतू शकते.

आयुर्वेदातील सात्म्य-असात्म्याची कल्पना येथे अनेकांना आठवेल. सवयीने जे मानवू लागते त्याला चरकसंहिता ओकसात्म्य म्हणते. दूध आणि मासे यांच्यासारखी जोडी ती विरुद्ध आहारात घालते. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील प्राचीन वैद्यकाच्या ग्रंथातही चीज काहींना पोषक तर काहींना त्रासदायक ठरते, अशी नोंद आहे. तेव्हा एकाचे अन्न ते दुसऱ्याचे दुखणे, हे निरीक्षण फार जुने आहे. मात्र आजच्या ॲलर्जीची कल्पना या ग्रंथांत 'होतीच' असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. प्रकृतीशी न जुळणारे अन्न ही एक कल्पना. शरीराची संरक्षणयंत्रणाच निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजून चाल करून जाते ही दुसरी. दुसरी कल्पना विसाव्या शतकातली आहे आणि तिचा जन्म सागरावर झाला.

१९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधननौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. थोड्या मात्रेने कुत्र्यांना विषाची सवय होईल अशी अपेक्षा होती. घडले उलटे. 'नेपच्यून' नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिली मात्रा पचवून गेला होता. काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, अल्पशी दुसरी मात्रा देताच तो तडफडून मेला. संरक्षणाच्या उलट ते 'ॲनाफिलॅक्सिस', असे नाव त्यांनी या प्रकाराला दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला 'ॲलर्जी' हा शब्द घडवला.

पण आम्हांला या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो १९२१ चा एक प्रयोग, कारण त्याच्या मध्यभागी एक प्रौढ माणूस आणि त्याच्या ताटातला मासा आहे. ब्रेस्लाउ येथील, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथील, डॉ. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशाने काही होत नसे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील रस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जागा लाल होऊन फुगली. एका माणसाचे वावडे दुसऱ्याच्या कातडीच्या एका ठिपक्यात उतरले होते. ही मनाची कुरकुर नव्हे, रक्तात वाहणारी एक वस्तू आहे, याचा एवढा साधा आणि धीट पुरावा दुसरा नसेल. ती वस्तू कोणती हे कळायला आणखी साडेचार दशके गेली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि १९६८ मध्ये तिचे नाव 'इम्युनोग्लोब्युलिन ई' असे ठरले.

आता वेष्टनाकडे वळू. योगायोग असा की ज्या १९०६ साली पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द दिला, त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा संमत झाला. त्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या खाटीकखान्यांचे जे दर्शन घडवले, त्याने लोकमत खवळले होते. शब्द आणि कायदा एकाच वर्षाचे, पण त्यांची एकमेकांशी ओळख व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९०६ च्या कायद्याला चिंता होती भेसळीची आणि खोट्या नावाची. वेष्टनाने खोटे बोलू नये एवढेच त्याचे मागणे. वेष्टनाने सारे सांगावे असे नव्हे.

१९३८ च्या अमेरिकन कायद्याने घटकांची यादी मागितली, पण एक दार उघडे ठेवले. ज्या पदार्थांची कृती सरकारने प्रमाणित केली होती त्यांच्या वेष्टनावर कृतीतले अनिवार्य घटक छापण्याची गरज नव्हती. मेयोनेजमध्ये अंडे असायचेच, मग ते वेगळे कशाला सांगायचे, असा हा विचार. जाणकार गृहिणी हा त्या कायद्याचा कल्पित वाचक होता. ही सवलत १९९० च्या कायद्याने काढली. युरोपातही असाच एक नियम होता: एखाद्या पदार्थात दुसरा तयार पदार्थ वापरला आणि त्याचे प्रमाण पाव हिश्शाहून कमी असले, तर त्याचे पोटघटक सांगण्याचे बंधन नसे. पिझ्झ्यावरच्या सॉसेजमध्ये काय आहे हे सॉसेज करणाऱ्यालाच ठाऊक. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने ॲलर्जीकारक घटकांपुरती ही पळवाट बंद केली आणि बारा पदार्थांची यादी दिली. नंतर तीत ल्युपिन हे कडधान्य आणि शिंपल्यांसारखे मृदुकाय जीव येऊन ती चौदांची झाली.

अमेरिकेत हे व्हायला २००४ साल उजाडले. त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच एक आकडा आहे, आणि प्रास्ताविके सहसा कोणी वाचत नाही म्हणून तो येथे देतो. १९९९ मध्ये मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांतील बेकरी, आइस्क्रीम आणि मिठाईच्या उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा नमुन्यांपैकी २५ टक्के पदार्थांच्या यादीत शेंगदाणा किंवा अंडे असूनही नमूद नव्हते. दुसरा आकडा वाचनाचा. ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांना वेष्टने वाचायला दिली असता दुधाचा अंश असलेली सर्व वेष्टने अचूक ओळखणारे पालक केवळ ७ टक्के निघाले. ते अडाणी नव्हते. दूध तेथे दूध म्हणून लिहिलेले नव्हते. ते केसीन, व्हे, सोडियम केसिनेट अशा वेषांत वावरत होते. जानेवारी २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दूध, अंडे, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, झाडावरचे सुकेमेवे, शेंगदाणा, गहू आणि सोयाबीन या आठांना त्यांच्या घरगुती नावाने हाक मारणे बंधनकारक केले. कायद्याने भाषाशुद्धी नव्हे, भाषासुलभीकरण केले म्हणा.

या कथेत वारंवार मुलांचे पालक येतात हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. अन्नाची ॲलर्जी हे बालपणाचे दुखणे, अशीच समजूत दीर्घकाळ होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४०,४४३ प्रौढांच्या पाहणीने तिला चांगलाच धक्का दिला. सुमारे १९ टक्के प्रौढ आपल्याला अन्नाची ॲलर्जी आहे असे समजत होते. लक्षणांवरून ती खरी वाटावी असे १०.८ टक्के होते. आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना निदान एका पदार्थाची ॲलर्जी प्रौढपणी जडलेली होती. सर्वांत वरचा क्रमांक कवचधारी जलचरांचा. म्हणजे ज्याने तीस वर्षे आवडीने कोळंबीचे कालवण खाल्ले त्याच माणसावर एके दिवशी कोळंबी उलटते. आमच्या परिचयातील एका प्राध्यापकांचे असेच झाले. आणि त्यांच्या घरच्यांना सर्वांत अवघड गेले ते हे, की 'आजवर तर खात होतात' या वाक्याला उत्तर कसे द्यावे. कोळंबीतील ज्या प्रथिनाने हे घडते त्याचेच भावंड घरातील धुळीच्या सूक्ष्म किड्यांतही असते, तेव्हा शरीराचे हे शिक्षण ताटाबाहेरही झालेले असू शकते. अमेरिकेत तर एका जातीची गोचीड चावल्यानंतर प्रौढांना गाई-डुकराच्या मांसाची ॲलर्जी होते, आणि तीही जेवणानंतर काही तासांनी प्रकटते. अशा माणसाला मग जिलेटीन हा शब्द जिथे तिथे शोधावा लागतो.

लहान मुलासाठी आई वेष्टन वाचते, आणि भीतीने वाचते. प्रौढ माणूस स्वतःसाठी वाचतो, घाईत वाचतो, आणि तीस वर्षांच्या सवयीच्या विरुद्ध वाचतो. एकदा वाचलेले वेष्टन तो पुन्हा वाचीत नाही. घटक मात्र गाजावाजा न होता बदलू शकतात.

आणि वेष्टनावर एक असे वाक्य असते की तेथे आमच्यासारख्या व्याकरणाच्या शिक्षकांनीही थबकावे: 'यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो.' हे शक्यार्थी क्रियापद नेमके काय सांगते? एकाच यंत्रावर दोन पदार्थ तयार झाल्याने अंश खरोखर येण्याचा संभव आहे, की उत्पादकाने वकिलाच्या सल्ल्याने हात झटकले आहेत? अनेक देशांत ही ओळ ऐच्छिक आहे आणि तिच्यामागे किती अंश असावा याचे बंधनकारक माप नाही. अमेरिका व कॅनडातील ॲलर्जीग्रस्त कुटुंबांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की 'असू शकतो' ही ओळ असलेले पदार्थ घेणारे सुमारे ११ टक्के होते; पण 'शेंगदाणा हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले' असे लिहिलेले पदार्थ घेणारे ४० टक्के होते. दोन्ही वाक्यांतील धोक्यात फरक असेलच असे नाही. वाचकांनी शब्दरचनेवरून धोक्याची प्रतवारी लावली. अलंकारशास्त्रात याला लक्षणा म्हणू. येथे ती जिवाशी खेळते.

तिळाची गोष्ट तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने तिळाला नववा ॲलर्जीकारक पदार्थ ठरवले आणि १ जानेवारी २०२३ पासून त्याचा उल्लेख सक्तीचा केला. ज्यांना तिळाचे वावडे आहे त्यांना वाटले, आता पाव निर्धास्त खाता येईल. पण यंत्रे तिळापासून पूर्ण मुक्त ठेवणे खर्चाचे. काही पाव-उत्पादकांनी त्यापेक्षा सोपा मार्ग काढला: पिठात मुद्दाम थोडा तीळ घातला आणि वेष्टनावर 'तीळ' असे प्रामाणिकपणे छापले. कायदा पाळला गेला. वाचणाऱ्याचा पाव गेला.

आपल्याकडे कायद्याने तीळ घालण्याचा प्रकार याहून कितीतरी जुना आहे. वनस्पती तूप बाजारात आल्यावर ते साजूक तुपात मिसळून विकले जाऊ लागले. ही लबाडी पकडावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले गेले. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांशी गाठ पडली की गुलाबी-लाल रंग चढतो. त्याला बोदुआँची कसोटी म्हणतात. तूप लाल झाले की भेसळ उघड. युक्ती नामी होती, यात शंका नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने अत्यल्प उरतात, तेव्हा त्यातून कोणाला किती अपाय झाला असेल हा प्रश्न येथे नाही. आम्हांला दिसते ती दृष्टी: तीळ हा येथे चोर पकडणारा शिपाई होता, तो कोणाच्या घशाचा शत्रू असू शकेल, हा विचार त्या चौकटीत मावतच नव्हता. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचे नावच पुरेसे बोलके आहे.

त्यानंतर भारतीय वेष्टनाने दुसरा प्रश्न विचारला, तो अधिक आपला होता. २००१ च्या सुमारास शाकाहारी पदार्थांसाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी ठिपका आला. जगातील वेष्टनांच्या इतिहासात ही मोठी बोलकी खूण आहे: अक्षर न वाचता कळणारी, भाषेच्या भिंती ओलांडणारी, आणि व्रताला, धर्माला, संस्काराला उत्तर देणारी. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही तो समजेल. ज्याला अंड्याचे किंवा माशाचे वावडे आहे त्याला ही खूण काहीशी उपयोगीही पडते. पण दूध हिरवे आहे. शेंगदाणा, काजू, गहू, तीळ सारे हिरवे. दुधाने ज्याचा श्वास कोंडतो त्याला हिरवा ठिपका अभय देतो, आणि ते अभय खोटे असते.

अशा खोट्या अभयाची किंमत ब्रिटनमध्ये मोजली गेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बाथ येथे दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या ४२ वर्षांच्या एका स्त्रीने 'दुग्धविरहित' म्हणून विकला जाणारा पदार्थ घेतला. त्यातील नारळाच्या दह्यात दुधाचे प्रथिन मिसळले गेले होते, आणि तिचा मृत्यू झाला. २०२२ च्या चौकशीनंतर मृत्यु-तपास अधिकाऱ्यांनी बजावले की 'दुग्धविरहित' किंवा 'व्हीगन' हे शब्द ॲलर्जीग्रस्त माणसाला फसवू शकतात. आहारव्रताचा शब्द वेगळा, सुरक्षिततेचा वेगळा. त्याआधी २०१६ मध्ये नताशा ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावातील तिळाने दगावली होती. दुकानातच तयार होणाऱ्या पदार्थाच्या वेष्टनावर घटक छापण्याचे बंधन नव्हते. 'नताशाचा कायदा' म्हणून ओळखला जाणारा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला तो त्यामुळे.

भारतात वेष्टित अन्नावर ॲलर्जीकारक पदार्थांची स्वतंत्र घोषणा आणली ती २०२० च्या नियमांनी. यादी बहुतांशी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेतील १९९९ च्या यादीवरून आलेली: ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, सुकेमेवे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट. यादी असणे हे नसण्याहून शतपटीने बरे. तरीही तीत तीळ नाही, मोहरी नाही, हरभरा नाही. युरोपीय यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. ज्या देशात फोडणी मोहरीने होते आणि संक्रांत तिळाने, तेथील यादीत त्या नाहीत. हरभरा तर बेसनाच्या रूपाने आपल्या निम्म्या फराळात आहे. बंगळूर आणि म्हैसूर येथील प्रौढांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. पण खरोखर ॲलर्जी असण्याचा संभव १.२ टक्क्यांत दिसला. पाश्चात्त्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे. आपल्या लोकसंख्येला त्याने गुणून पाहण्याची घाई आम्ही करणार नाही. दोन शहरांवरून देश मोजता येत नाही. मात्र आपल्या माणसांना कोणते अन्न बाधते हे आपल्या ताटावरूनच शोधावे लागेल.

भाषेचा प्रश्न उरतोच. नियमांनुसार वेष्टनावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी असली तर शोभेपुरती, बहुधा पुढच्या बाजूस, मोठ्या अक्षरांत, पदार्थाच्या नावाची. 'लेसिथिन ३२२' या अंकामागे बहुधा सोयाबीन असते हे मराठी माध्यमात शिकलेल्या पन्नाशीच्या बाईंनी कोठून जाणावे?

शिवाय आपले पुष्कळसे अन्न वेष्टनाबाहेरच आहे. पंगतीत, लग्नात, शेजारणीच्या फराळाच्या ताटात लेबल नसते. असतो तो आग्रह. 'नको' हा शब्द आपल्याकडे नकार म्हणून नव्हे, संकोच म्हणून ऐकला जातो; तिसऱ्यांदा नको म्हटल्याशिवाय वाढपी पुढे सरकत नाही. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या परातीपुढे 'अमुक तारखेपर्यंत खाण्यास योग्य' अशी पाटी लावणे ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. काजू आणि शेंगदाणा एकाच कढईतून निघाले की नाही, हे ती पाटी सांगत नाही. उपाहारगृहांसाठीही ॲलर्जीची माहिती देण्याचा नियम आहे, पण तो मोठ्या, केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा व अधिक शाखांच्या व्यवसायांना लागू होतो. कोपऱ्यावरच्या खानावळीत विचारावेच लागते, आणि उत्तर देणारा पोऱ्या बहुधा तो असतो ज्याने मसाला वाटलेला नसतो.